घर गेलं तरी दाखला काढू नका: मराठवाड्यात अचानक बेघर झालेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय करावं

२०२५ च्या सप्टेंबरात पुराचं पाणी ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी एक बाप आमच्या शाळेत आला. पायात चप्पल नव्हती. ऑफिसच्या दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, दोन्ही लेकरांचा दाखला द्या. भिंती बसल्या. इथं राहून काय करू? मेव्हण्याकडं जातो पुण्याला."

मी दाखला दिला नाही. त्यांना बसवलं, चहा दिला आणि दाखल्याऐवजी लेकरं आमच्या पटावर आहेत असं पत्र लिहून दिलं. दिवाळीनंतर ते कुटुंब परत आलं, तेव्हा दोन्ही लेकरांची नावं हजेरीत जशीच्या तशी होती.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इतक्या वर्षांत असे दाखले मागणारे कितीतरी पालक पाहिले. कुणाचं घर पुरात गेलं, कुणाचं आगीत, कुणाचं भाडं थकलं, कुणी बाई मारहाणीला कंटाळून लेकरं घेऊन रात्रीतून निघालेली. घर सुटलं की माणूस सगळ्यात आधी शाळा सोडतो, कारण ती त्या घडीला सगळ्यात कमी गरजेची वाटते. मला हे उलटं वाटतं. घर गेलेल्या लेकराचा सरकारदरबारी एकच पक्का पत्ता उरतो, तो म्हणजे त्याची शाळा. बोनाफाईड, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्ती, हरवलेले कागद नव्यानं काढणं, सगळं तिथूनच सुरू होतं.

आणि बेघर म्हणजे फक्त फुटपाथवर झोपणारा असं समजू नका. देवळाच्या ओवरीत, नातेवाइकाच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढणारं कुटुंबही बेघरच. लातूरला शिकवणीसाठी आलेला आणि गावाकडून पैसे बंद झाल्यावर खोलीबाहेर पडलेला पोरगाही बेघरच. लाजेपायी हे लोक मदत मागत नाहीत. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

पहिलं काम: आजची रात्र

योजना, अर्ज, घरकुल हे सगळं उद्यावर टाका. आधी लेकरं कुठं झोपणार ते ठरवा. कुणाला फोन करायचा हे घर कशामुळं गेलं त्यावर ठरतं.

पूर, आग, वीज, घराची पडझड असेल तर १०७७. हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. सोबत तहसील कार्यालयालाही कळवा. निवारा बहुतेक वेळा शाळेत, मंगल कार्यालयात किंवा समाजमंदिरात उघडतात. तिथं गेल्यावर एक गोष्ट विसरू नका: नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचं नाव लिहून थांबू नका, प्रत्येक लेकराचं नाव, वर्ग आणि शाळा लिहायला लावा. पुढं वह्या-पुस्तकांची मदत येते, परीक्षेच्या फीची माफी येते, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

नवऱ्याच्या किंवा सासरच्या मारहाणीमुळं घर सोडलं असेल तर १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर थेट ११२. प्रत्येक जिल्ह्याला 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. तिथं बाईला लेकरांसह साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि पोलीस, डॉक्टर, वकील यांची मदत एकाच ठिकाणी मिळते. त्यापुढं जास्त दिवस राहायची गरज असेल तर पूर्वीची स्वाधारगृहं, आताची 'शक्ती सदनं' आहेत. वयात आलेला मुलगा सोबत असेल तर फोनवरच सांगा. अशा ठिकाणी मोठ्या मुलांना ठेवायला वयाची अट असते. दारात पोचल्यावर हे कळलं की बाई मुलाला एकटं सोडायला नको म्हणून मागं फिरते, पुन्हा त्याच घरात.

मूल एकटंच असेल, एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर सापडलेलं असेल, तर १०९८. हा क्रमांक मूल स्वतःही लावू शकतं. ज्यांना असं मूल सापडतं त्यांनाही सांगते: दया आली म्हणून परक्या लेकराला परस्पर घरी नेऊन ठेवू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं हजर करायचं असतं. समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला.

शहरात असाल तर महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा 'शहरी बेघर निवारा' विचारा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना, या आपल्या पाच महापालिका. एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर माणसांची सोय असा निवाऱ्यांचा ठरलेला निकष आहे. जाण्याआधी कुटुंबासाठी वेगळी जागा आहे का ते विचारून घ्या, कारण काही ठिकाणी फक्त पुरुषांचीच सोय असते. आणि निवाऱ्याचं काम नुसतं अंथरूण देणं नाही. तिथं राहणाऱ्याला ओळखपत्र, रेशन, मुलांचा शाळाप्रवेश मिळवून देणं हाही त्या कामाचा भाग आहे. तेव्हा व्यवस्थापकाकडं हे हक्कानं मागा.

पोटाचं म्हणाल तर नांदेडला कुणी उपाशी झोपत नाही, सचखंड हुजूर साहिबचा लंगर सगळ्यांना खुला असतो. तुळजापूर, परळी, औंढा अशा देवस्थानांच्या गावी धर्मशाळा आणि भक्तनिवासांत एक-दोन रात्री निघतात. पण तेवढ्याच. आठवडाभर तिथंच थांबलात तर पुढची कामं रेंगाळतात, हे पाहिलेलं आहे.

कॉलेजचे विद्यार्थी असाल तर रात्री मित्राच्या खोलीवर थांबा, पण सकाळी वसतिगृहाच्या गृहपालांना आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाला भेटा. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो, 'कमवा आणि शिका'बद्दल त्याच भेटीत विचारा.

दुसऱ्या दिवशी: शाळा

दुसऱ्याच दिवशी, फार तर तिसऱ्या. लेकराला गणवेश नसला तरी पाठवा. गणवेश नाही म्हणून कुणी बसू दिलं नाही तर मुख्याध्यापकांशी बोला.

वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन सगळं खरं सांगा. आम्हाला कळलं नाही तर आम्ही गैरहजेरीच लावतो. कळलं तर बरंच करता येतं. पुस्तकांचा दुसरा संच निघतो, पहिली ते आठवीच्या लेकरांना दुपारचं जेवण शाळेतच मिळतं, चाचणी पुढं ढकलता येते. वर्गासमोर सांगायची गरज नाही. ही गोष्ट चारचौघांत कळल्यामुळं शाळेत येणंच सोडलेली एक मुलगी मला माहीत आहे. चूक मुलीची नव्हती, शिक्षकांची होती.

दुसऱ्या गावी जावंच लागलं तर? २००९ चा शिक्षण हक्क कायदा इथं तुमच्या बाजूनं आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्ये आलं म्हणून नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. नवी शाळा 'आधी दाखला आणा' म्हणाली तर शांतपणे म्हणा, "प्रवेश द्या, दाखला तुम्हीच मागवून घ्या." मुलाची माहिती आता यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत असते, पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) सांगितला की सापडते. तो क्रमांक जुन्या शाळेकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

दोन-तीन महिन्यांसाठीच जाणार असाल तर 'शिक्षण हमी पत्र' मागा. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी आम्ही ते देतो. त्यावर मूल कोणत्या वर्गात आहे, काय शिकून झालं आहे हे लिहिलेलं असतं आणि नव्या गावातली शाळा त्यावर मुलाला बसवून घेते. मूळ शाळेतलं नाव कायम राहतं.

मुलींबद्दल

आपल्या भागात घर गेलं की मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. "आता हिला कुठं ठेवायची?" असं म्हणत नववी-दहावीतली पोरगी उजवून टाकतात. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडीवर उचल म्हणजे आगाऊ रक्कम मिळते, त्यामुळं लग्नाची घाई आणखी वाढते. आई-बापांची भीती मी समजते. उघड्यावर, पालात, कोपीत वयात आलेली मुलगी घेऊन झोपणं सोपं नाही. पण त्यावर उपाय वसतिगृह आहे. मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं चौकशी करा, जागा रिकामी असेल तर वर्षाच्या मध्येही विनंती करता येते.

मुली, तू हे वाचत असशील तर: तुझं वय अठरा नसेल आणि घरात लग्नाचं चाललं असेल तर १०९८ लाव. गावातला ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि तुझ्या बाईंनाही सांग.

कागद: आधी पंचनामा

घर पडलं असेल तर मलबा हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि लगेच तलाठ्याला अर्ज द्या. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात.) पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आठवीतल्या पोराकडून वाचून घ्या. 'अंशतः' आणि 'पूर्णतः' या दोन शब्दांवर पुढचं सगळं ठरतं. केंद्राच्या आपत्ती निकषांत सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, अंशतः पडलं तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००, झोपडीला ८,००० असे दर धरले आहेत. घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० वेगळे. जमिनीत बसलेल्या मातीच्या भिंतींना 'अंशतः' लिहिलेलं मी पाहिलं आहे. पटत नसेल तर सही करताना तिथंच आपली हरकत लिहा आणि तहसीलदारांना अर्ज करा.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच नसेल तर अर्ज दिला होता हे तुम्ही कधीच सिद्ध करू शकणार नाही.

कागद भिजले, वाहून गेले, तर घाबरू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये लेकराची जन्मतारीख, जन्मठिकाण, जात लिहिलेली असते. त्या प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा मागा. आई-वडील ज्या शाळेत शिकले तिथलाही मागा. जातीचा दाखला पुन्हा काढायला तो फार कामाचा. आधारकार्ड हरवलं तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून प्रिंट निघते. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते, दुय्यम प्रत हवी असेल तर विभागीय मंडळाकडं अर्ज करायचा: लातूर, नांदेड, धाराशिवचं मंडळ लातूरला, आणि संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीचं संभाजीनगरला. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी धान्य दुसऱ्या गावच्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं.

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊन येऊ नका. 'लवकर करून देतो' म्हणणारे तहसीलच्या आवारात बरेच भेटतील. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

महिन्या-दोन महिन्यांचं छप्पर

आता वसतिगृहांचं. इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण प्रत्येक समाजाचं खातं वेगळं आणि लोक चुकीच्या दारात दिवस घालवतात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडं जावं. शासकीय वसतिगृहात जागा नाही मिळाली तर अकरावीपासून पुढच्यांना 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. खोली, जेवण आणि इतर खर्चासाठी छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी जिथं शिकतो त्याच गावचा रहिवासी नसावा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयंम' योजना, त्यासाठी किनवट, कळमनुरी किंवा संभाजीनगरचं प्रकल्प कार्यालय. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांच्यासाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना', ती इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांकडं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी 'डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता' आहे.

पण या सगळ्या योजनांचे पैसे हप्त्यानं आणि उशिरा येतात. त्यांच्या भरवशावर महागडी खोली घेऊ नका. पोरं डिपॉझिट भरून बसतात आणि हप्ता यायच्या आत खोली सोडावी लागते. पहिली पसंती शासकीय वसतिगृहालाच द्या, तिथं निदान दोन वेळचं ताट आणि छप्पर नक्की असतं. प्रवेशाची मुदत संपली असेल तरी अर्ज द्या आणि कारण स्पष्ट लिहा: 'घर पुरात पडलं, राहण्यास जागा नाही.' पंचनाम्याची प्रत जोडा. वर्ष सुरू झाल्यावर काही मुलं सोडून जातात, गृहपालांकडं रिकाम्या जागा असतात. दर सोमवारी जाऊन विचारा, संकोच करू नका.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह असतं. दिवाळीनंतर टोळ्या हलतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत, तेवढे महिने. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, अनेक गावांत जेवण शाळेत आणि झोपणं आजी-आजोबांकडं अशी सोय असते. मुकादमाची उचल घेतली की लगेच, म्हणजे निघायच्या महिनाभर आधी, मुख्याध्यापकांकडं नाव द्या. गाडीत बसायच्या दिवशी येऊन सांगितलं तर यादी गेलेली असते. बारमाही सोय हवी असेल तर २०२१ साली मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, ४१ तालुक्यांत ८२, मुलांचं वेगळं आणि मुलींचं वेगळं, प्रत्येकी शंभरांचं.

कुणी सुचवलं की 'लेकरं बालगृहात टाका, तुमची सुटका होईल', तर थांबा. कायद्याच्या दृष्टीनं मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि फक्त गरिबी हे आई-बापापासून लेकरू तोडायचं कारण होऊ शकत नाही. आई किंवा वडील वारले असतील, सोडून गेले असतील, मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळले असतील, तर आधी 'बाल संगोपन योजने'चा अर्ज करा. लेकरू घरच्यांजवळच राहतं आणि अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडं, मंजुरी बाल कल्याण समितीची. या योजनेबद्दल गावात फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून मी प्रत्येक पालक सभेत सांगते, आणि दर वेळी एखादी विधवा बाई सभा संपल्यावर थांबते.

घरमालक बाहेर काढत असेल तर

भाडं थकलं तरी घरमालकाला तुमचं सामान रस्त्यावर फेकता येत नाही, त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो. आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, घरमालकानं उगाच पाणी-वीज तोडण्यालाही मनाई आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लातूरच्या शिकवणीच्या पोरांना मी विशेष सांगते: मालकानं तुमची पुस्तकं, मार्कमेमो अडवून ठेवले तर भांडण करू नका, आई-वडिलांपासून लपवूही नका. आधी पोलीस ठाण्यात लेखी द्या, मग प्राधिकरणात जा.

नवी जागा मिळाली, मग ती भाड्याची एक खोली असो की पत्र्याचं शेड, तर त्याच आठवड्यात शाळेत येऊन नवा पत्ता आणि चालू मोबाईल क्रमांक रजिस्टरला लिहून घ्या. बँकेतही क्रमांक बदला. शिष्यवृत्तीचा मेसेज पुरात गेलेल्या मोबाईलवर येत राहतो आणि घरच्यांना वाटतं, पैसे आलेच नाहीत.